तीन डबे तेल, नऊ माणसं: ठाण्यातल्या एका फरसाण कारखान्याचं प्रकरण

हे प्रकरण २०२३-२४ मधलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि कारखान्याच्या हिशेबातले आकडे जवळच्या पूर्ण आकड्यावर आणले आहेत. मालकांना गिऱ्हाइकं, कामगार, शेजारी सगळेच काका म्हणतात, म्हणून इथेही काका. त्यांच्या सुनेचा उल्लेख सूनबाई म्हणून येईल. कारखान्यात तिला त्याच नावाने हाक मारतात आणि तिला ते फारसं आवडत नाही.

पार्श्वभूमी

काकांचं दुकान नौपाड्यात आणि माल बनतो तो गाळा वागळे इस्टेटच्या बाजूला. दुकान वडिलांनी टाकलेलं, गाळा काकांनी स्वतः घेतलेला. शेव, पापडी, गाठिया, मसाला डाळ, केळ्याचे वेफर्स, चिवडा हा बारमाही माल. दिवाळीआधी दीड महिना चकली, कडबोळी, शंकरपाळे. तीन भट्ट्या, तीन कढया. दोन महाराज, त्यांच्या हाताखाली तिघं, पॅकिंगला तीन बायका आणि एक टेम्पोवाला. एकूण नऊ.

हा नऊ आकडा आपोआप आलेला नाही. दहा माणसं झाली की ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होते: २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येकासाठी मालकाने ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के भरायचे. एकदा लागू झाली की पुढे माणसं कमी झाली तरी ती सुटत नाही. काका मोकळेपणाने सांगायचे, "दहावा माणूस परवडतो हो, दहाव्या माणसाचा कागद परवडत नाही."

तेलाचंही तसंच. तळणीसाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त खाद्यतेल वापरणाऱ्या व्यावसायिकाने १ मार्च २०१९ पासून तेलाची नोंदवही ठेवायची आणि वापरून झालेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. काकांकडे रोज पामोलिनचे तीन डबे फुटतात. पंधरा त्रिक पंचेचाळीस, म्हणजे पन्नासच्या आत. कचऱ्याचा नियम रोज १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना. यांचा सगळा मिळून वीस-पंचवीस किलो. तिथेही आत.

मी ठाण्यात छोट्या धंद्यांचे परवाने, जीएसटी, उद्यम नोंदणी ही कामं बघतो. आमच्या धंद्याचं निम्मं कौशल्य हेच: अशीलाला रेषेच्या अलीकडे नीट उभं करून द्यायचं. काकांना तिथे उभं करण्यात माझाही हात होता, हे आधीच सांगून ठेवतो.

जून २०२३ मध्ये ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाकडून काकांना चौदा पानी प्रश्नावली आली. ही कंपनी दर महिन्याला कार्यालयातल्या खाण्यासाठी माल घेते आणि दिवाळीला कर्मचाऱ्यांसाठी चारशेच्या आसपास फराळाचे डबे. काकांच्या उलाढालीचा जवळपास आठवा हिस्सा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने बाजारमूल्याप्रमाणे पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' हा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. तेव्हापासून मोठ्या कंपन्या पुरवठादारांनाही प्रश्न विचारू लागल्या आहेत. प्रश्नावली इंग्रजीत होती. 'तुमच्या कार्बन उत्सर्जनाचं उद्दिष्ट वर्ष कोणतं' असा एक प्रश्न होता. त्यावर महाराजांनी विचारलं, हे गॅसच्या बिलाबद्दल आहे का? तसं पाहिलं तर त्यांनी बरोबरच ओळखलं होतं.

प्रश्न कुठे अडला

सव्विसावा प्रश्न असा: वापरून झालेलं खाद्यतेल कुठे जातं? पुरावा जोडा.

माझा पहिला सल्ला: "लागू नाही असं लिहा. आपण पन्नास लिटरच्या आत आहोत." हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो मी हुकवला. सूनबाई खरेदीची बिलं जीएसटीत चढवते. ती म्हणाली, "लागू नाही म्हणजे काय? तेल कुठेतरी जातंच आहे ना?" मग तिने बिलांची फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. डब्यावर पंधरा लिटर छापलेलं नव्हतं, पंधरा किलो छापलेलं होतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ९१० ग्रॅम. पंधरा किलो म्हणजे जवळजवळ साडेसोळा लिटर आणि तीन डबे म्हणजे साडेएकोणपन्नास. चार वर्षं आम्ही किलोला लिटर समजून नियमाच्या आत बसलो होतो, आणि तरीही बसलो होतो ते अर्ध्या लिटरने. दिवाळीच्या दीड महिन्यात तर रोज सहा-सात डबे फुटायचे. तेव्हाची गोष्टच सोडा.

काका गप्प झाले ते आकड्यामुळे नाही. तेल कुठे जातं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

दर शनिवारी संध्याकाळी दत्ता यायचा. (नाव बदललं आहे.) काकांच्या गावचा, वीस वर्षांपूर्वी काकांच्याच गाळ्यात झाडलोट करत होता, आता स्टेशनजवळ त्याची वडापावची गाडी आहे. आठवड्याचं उरलेलं तेल, साधारण एक डबा, तो किलोला साठ रुपयांनी घेऊन जायचा. नवीन तेलाच्या जवळपास निम्म्या भावात. काकांच्या मते ही मदत होती. दत्ताच्याही मते.

वापरलेल्या तेलाला दोन बाजार असतात, हे या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. एक बायोडिझेलचा. त्यासाठी प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये 'रुको' ही मोहीम सुरू केली: संकलक तेल नेतो, पावती देतो, तेल इंधन बनवणाऱ्याकडे जातं. दुसरा बाजार गाड्यांचा, टपऱ्यांचा. दुसरा बहुतेक वेळा जास्त भाव देतो, कारण त्याच्या लेखी ते तेल अजून खाण्याचंच असतं.

मोजमाप

वाद घालण्याआधी तेल मोजू, असं मी म्हटलं. या प्रकरणात मी केलेली बहुधा एवढीच एक गोष्ट निर्विवाद बरोबर होती.

तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात नको ती संयुगं साठत जातात. त्यांचं एकत्रित माप म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्स, टीपीसी. १ जुलै २०१८ पासून भारतात मर्यादा आहे २५ टक्के. त्यापुढचं तेल खाद्यपदार्थासाठी वापरायचं नाही. उच्च रक्तदाब, धमन्या कठीण होणं, यकृताचे विकार यांच्याशी अशा तेलाचा संबंध असल्याचं प्राधिकरण सांगतं. गरम तेलात बुडवून आकडा दाखवणारं हातातलं यंत्र मिळतं. एका प्रयोगशाळेत ओळख होती, तिथून ते आठवड्यासाठी उसनं आणलं.

शेवेच्या कढईत दिवसभर आकडा अकरा ते पंधराच्या मध्ये. काकांचा चेहरा खुलला. याचं कारण साधं आहे. शेव भरपूर तेल पिते, वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. कढईतलं तेल मालाबरोबर बाहेर जातं आणि वरून ताजं पडत राहतं. तेलाला म्हातारं व्हायला सवडच मिळत नाही. वेफर्सची कढईही ठीक.

तिसरी कढई पापडी-गाठियाची. पहिल्या दोन्ही कढयांचं रात्री उरलेलं तेल या तिसरीत ओतायची पद्धत होती. वर पापडखार. क्षार तेलात गेला की साबणासारखं द्रव्य तयार होतं, फेस वाढतो आणि तेल लवकर मोडतं. बेसनाचा जळका गाळ तळाला. दोन घाण्यांच्या मध्ये भट्टी पूर्ण फुलावर, कारण पुन्हा तापवायला वेळ जातो. सोमवारी अठरा, बुधवारी बावीस, शुक्रवारी सव्वीस. शनिवारी दत्ताचा डबा भरायच्या वेळी आकडा होता २९.

यातून दोन गोष्टी उघड झाल्या. दत्ताला दिलेलं तेल देतानाच हद्दीपलीकडे गेलेलं होतं. आणि शुक्रवार-शनिवारची आमची स्वतःची पापडीही.

पहिली गोष्ट मी अपेक्षिली होती. दुसरीने काका हादरले. "माझी नातवंडं शनिवारीच दुकानात येतात," एवढंच बोलले.

समोर असलेले पर्याय

पुढचे तीन आठवडे गाळ्यात, दुकानात, एकदा तर मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसूनही याच विषयावर बोलणं झालं. पर्याय चार होते.

फॉर्ममध्ये 'लागू नाही' लिहायचं आणि गाडी पुढे हाकायची. तपासायला कोण येणार होतं? खरंच कुणी येणार नव्हतं. पण आकडा कळल्यानंतर ते लिहिणं आणि कळण्याआधी लिहिणं यात फरक होता, आणि तो काकांनाच जास्त जाणवत होता.

दुसरा: दत्ताला तेल द्यायचं, पण २५ च्या आत असतानाच. हा काकांचा आवडता पर्याय. ऐकायला बरा वाटतो. पण २२ वर दिलेलं तेल गाडीवर दिवसभर उकळलं की संध्याकाळपर्यंत कुठे जाईल? शिवाय २२ वरचं तेल आम्हीच का सोडायचं? पैशाचा हिशेबही बसत नव्हता.

तिसरा: सगळं तेल अधिकृत संकलकाला. प्राधिकरणाच्या यादीतल्या दोघांना फोन केले. भाव किलोला अठ्ठेचाळीस, म्हणजे दत्तापेक्षा बारा रुपये कमी, आणि एका फेरीला किमान शंभर किलो तरी हवं. आमचं महिन्याला साठ.

चौथा: उरणारं तेलच कमी करायचं. याला प्रश्नावलीत रकाना नव्हता.

सूनबाईने एका संध्याकाळी कागदावर वजाबाकी मांडली. साठ किलो गुणिले बारा रुपये. महिन्याला ७२० रुपये. तीन आठवडे आम्ही ७२० रुपयांवर घोळ घालत होतो? काका म्हणाले, "पैशाचं नाहीच ते. दत्ता शनिवारी आला की त्याला काय सांगू ते सांग." तिथे मला कळलं की मी इतके दिवस चुकीच्या तक्त्यावर काम करत होतो.

काय केलं

आधी चौथा, मग तिसरा, असा क्रम ठरला.

तळणीचे बदल महाराजांशी बसून ठरवले. थोरले महाराज तीस वर्षं कढईवर उभे आहेत. त्यांना आकडा दाखवल्यावर पटेल असं मला वाटलं होतं. पटलं नाही. "तेल डोळ्याला दिसतं, वासाला कळतं," असं त्यांचं म्हणणं. मग सूनबाईने वेगळा रस्ता काढला. चार वाट्यांत चार दिवसांचं तेल ठेवलं आणि म्हणाली, महाराज, तुम्ही क्रम लावा, मग यंत्राने बघू. त्यांनी दोन बरोबर लावले. उरलेल्या दोघांत, बावीस आणि सव्वीस यांची अदलाबदल झाली. महाराज बराच वेळ वाटीकडे बघत राहिले. म्हणजे त्यांचा डोळा खोटा नव्हता, फक्त नेमक्या त्या रेषेपाशी कमी पडत होता. त्यानंतर यंत्र त्यांचं शत्रू राहिलं नाही.

ठरलं ते असं. उरलेलं तेल एका कढईतून दुसरीत ओतायचं नाही. प्रत्येक कढईचं तेल वेगळं. ज्या कढईचं तेल काढायला आलं, त्यात जुन्यावर नवं घालून ते ताजं झाल्याचं समाधान मानायचं नाही, कारण जुनं नव्यालाही लवकर बिघडवतं. दुपारी आणि रात्री तेल जरा निवलं की बारीक जाळीतून गाळायचं. दोन घाण्यांच्या मध्ये भट्टी मंद. कढईला तापमापक, १८० अंशांच्या वर जायचं नाही. रात्री झाकण. पापडखाराचा माल दिवसाच्या शेवटी. वेफर्स चिरल्यावर कापडावर पसरून पाणी निथळवायचं, कारण पाणी तेलाला तोडतं. यातली निम्मी यादी महाराजांच्या वस्तादाने त्यांना पूर्वी शिकवलेलीच होती. घाईत सुटली होती, एवढंच.

शंभर किलोची अट सोडवायला आजूबाजूच्या गाळ्यांत विचारलं. एक समोसेवाला, एक केटरर, एक वेफरवाला. तिघांनीही आधी विचारलं, "कुणाची तक्रार झाली का?" पहिल्या महिन्यात फक्त केटरर आला. वेफरवाला तिसऱ्या महिन्यात आला, समोसेवाला आजतागायत नाही. एकत्र पिंप केटररच्या गाळ्यात ठेवलं, प्रत्येकाचं वजन वहीत, पावती तिघांच्या नावे. यंत्रही पुढे तिघांत मिळून घेतलं. चाळीस हजारांच्या घरातला खर्च एकट्याला जड होता.

दत्ताला काकांनी शेवटच्या शनिवारी सांगितलं. मी तिथे होतो. काका म्हणाले, "दत्ता, पुढच्या शनिवारपासून तेल नाही रे. नवा डबा माझ्या भावात घेऊन जा, पैसे महिन्याने दे." दत्ताने कारण विचारलं नाही. "बरं काका," म्हणाला आणि तो डबा तेवढा घेऊन गेला. तो शेवटचा डबाही आम्ही दिला, २७ वरचा. तो अडवायचं माझ्या तोंडाशी आलं होतं, पण मी बोललो नाही.

आवरणाचा भाग थोडक्यात. राज्यातली प्लास्टिकबंदी मार्च २०१८ ची, केंद्राची एकदा वापराच्या वस्तूंवरची बंदी १ जुलै २०२२ ची, आणि मिठाईच्या डब्यावर गुंडाळायची पातळ फिल्म त्या दुसऱ्या यादीत नावानिशी आहे. तरी काकांच्या दिवाळीच्या डब्यांवर ती चढतच होती. ती बंद झाली, कुणाला कळलंही नाही. कागदी पाकिटांचा प्रयोग मात्र सपशेल फसला. मी आग्रह धरला होता आणि महिना होता जुलै! ठाण्याच्या पावसात कागदातली शेव दुसऱ्या दिवशी सादळली. तीस किलो माल परत आला आणि महाराजांनी त्याची भरड करून मिसळीच्या दुकानाला दिली. आम्ही पुन्हा जाड पाकिटावर आलो, फक्त अनेक थर चिकटवलेलं सोडून एकाच जातीच्या प्लास्टिकचं घेतलं, म्हणजे भंगारवाला ते निदान उचलेल. दुकानात 'डबा आणा, किलोमागे पाच रुपये कमी' अशी पाटी लावली. नौपाड्यातल्या आजीबाईंनी ती मनावर घेतली. पाच रुपयांसाठी नाही, त्यांच्या मते शेव डब्यातच आणायची असते.

माणसांच्या बाबतीत आम्ही कमी पडलो. प्रश्नावलीत कामगारांच्या विम्याचा प्रश्न होता. दोन वर्षांपूर्वी एका पोराचा हात तेलाने भाजला होता. काकांनी दवाखान्याचा सगळा खर्च केला होता, पगार कापला नव्हता, आणि ते त्यांना पुरेसं वाटत होतं. मी ईएसआयसीत नोंदणी करण्याचा विषय काढला. काका म्हणाले, दिवाळी होऊ दे. शेवटी सगळ्यांचे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे अर्ज भरले: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख. फॉर्ममध्ये 'होय' लिहिता आलं. पण भाजलेल्या हाताच्या मलमपट्टीला त्यातून एक रुपया मिळत नाही, हे मला आणि सूनबाईला माहीत होतं.

निष्पत्ती

वर्षभरानंतर, जून २०२४ मध्ये वही उघडून बसलो.

उरणारं तेल महिन्याला साठ किलोवरून पस्तीसवर आलं होतं. ताज्या तेलात तेवढीच बचत, म्हणजे नवीन तेलाच्या भावाने अडीच हजारांच्या वर. संकलकाच्या कमी भावाने होणारं नुकसान त्यात सहज भरून निघालं. तिसऱ्या कढईचा आकडा बहुतेक दिवस वीसच्या आत; चोवीस झाला की तेल काढायचं, असा महाराजांनीच नियम केला. दिवाळीत मात्र तो नियम चार वेळा मोडला. वहीत २६, २७ असे आकडे आहेत आणि सूनबाईने ते खोडू दिले नाहीत. मला विचाराल तर त्या वहीतली सगळ्यात मोलाची पानं तीच, कारण कंपनीकडून पाहणीला आलेल्या मुलीने सगळी वही चाळली आणि त्या पानांवर थांबून म्हणाली, "म्हणजे ही खरी आहे."

कंपनीची ऑर्डर टिकली, वाढली नाही. एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चौदा पानांत पुरवठादाराला पैसे किती दिवसांत मिळतात, हा प्रश्न कुठेच नव्हता. काकांचं बिल नव्वद दिवसांनी यायचं. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यायचे, हे एमएसएमई कायद्यात २००६ पासून आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत घेणाऱ्या कंपनीला खर्च म्हणून वजा करता येत नव्हती. आम्ही भरलेल्या प्रश्नावलीबरोबर उद्यम प्रमाणपत्राची प्रत आणि या दोन ओळींचं नम्र पत्र जोडलं. पुढचं बिल अठ्ठेचाळिसाव्या दिवशी जमा झालं. नव्या गाळण्या, तापमापक आणि यंत्रातला काकांचा हिस्सा हे सगळं त्या लवकर आलेल्या पैशातून झालं, कर्ज काढावं लागलं नाही. छोट्या धंद्याने हरित व्हावं असं ज्या मोठ्यांना वाटतं, त्यांनी आधी बिल वेळेवर द्यावं, या मतावर मी तेव्हापासून अडून आहे.

आणि दत्ता. दोन महिने त्याने काकांच्या भावात नवे डबे नेले, पैसेही चुकते केले. तिसऱ्या महिन्यात येणं कमी झालं, मग थांबलं. टेम्पोवाल्याकडून कळलं की कळव्याकडून कुठूनतरी जुनं तेल त्याला मिळायला लागलंय, पासष्टने.

वेगळं काय करता आलं असतं

मी 'लागू नाही' म्हटलं तो क्षण मला अजून टोचतो. नियमाची रेषा कुठून सुरू होते हे मला पाठ होतं, पण अशीलाच्या गाळ्यात काय चाललंय ते मी विचारलंच नव्हतं. आता नव्या अशीलाकडे गेलो की परवान्याआधी मागच्या दाराने काय बाहेर जातं ते विचारतो. तेल, गाळ, पाणी, पुठ्ठा, आणि संध्याकाळी घरी जाणारी माणसं.

मोजमाप प्रत्येक कढईचं वेगळं केलं नसतं, तर सरासरी एकोणीस आली असती आणि आम्ही खूश होऊन फॉर्म भरला असता. हे नशिबाने जमलं. तीन कढया तीन ठिकाणी होत्या म्हणून तीन वेळा यंत्र बुडवलं.

कागदी पाकिटं एका किलोवर, एका दुकानात, चार दिवस करून बघायला हवी होती. पावसाळ्यात तर नक्कीच. तिथे माझा उत्साह नडला आणि खर्च काकांचा झाला.

ईएसआयसीचा प्रश्न पुढे ढकलणं ही चूक होती असं मी म्हणतो, काका अजून म्हणत नाहीत. दिवाळीला पॅकिंगला पाच बायका वाढतात; दीड महिना का होईना, चौदा माणसं एका छताखाली असतात. रोजंदारीची माणसंही मोजायची असतात, हे मी त्यांना सांगितलं आहे. यंदा गणपतीनंतर त्यावर बसायचं ठरलं आहे, आणि सूनबाईने कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली आहे.

सगळ्यात मोठी चूक दत्ताच्या बाबतीत झाली. आम्ही तिघांनी गाळ्यात बसून ठरवलं आणि मग त्याला कळवलं. तेलाचा आकडा महाराजांना दाखवला, शेजारच्या केटररला दाखवला, कंपनीच्या मुलीला दाखवला. ज्याच्या कढईत ते तेल जाणार होतं, त्याला मात्र नाही. तीन आठवड्यांत एकदा यंत्र घेऊन त्याच्या गाडीवर गेलो असतो, त्याचा दिवसाचा तेलाचा खर्च, वड्यामागे नफा, उरलेल्या तेलाचं तो काय करतो हे विचारलं असतं, तर नव्या डब्याचा भाव त्याला खरंच झेपतो का ते कळलं असतं. वड्याची किंमत रुपया-दोन रुपये वाढवायला शेजारच्या गाड्या तयार आहेत का, तेही. त्याचं उरलेलं तेल आमच्याच पिंपात घेता आलं असतं. नव्या डब्यातलं उरलेलं तेल मोडीत का होईना अठ्ठेचाळीसने परत जातं हे गणित त्याला नव्या डब्याकडे वळवू शकलं असतं, किंवा नसतंही. आम्ही ते मांडलंच नाही.

मागच्या महिन्यात सूनबाई आणि मी त्याच्या गाडीवर गेलो. यंत्र पिशवीत होतं. दत्ताने वडापाव पुढे केले, पैसे घेईना. गाडीखाली पामोलिनचा डबा होता, काकांकडच्याच छापाचा, पण रिकामे डबे सगळीकडे फिरतात. सूनबाईने त्याला पिंपाबद्दल सांगितलं, कोण नेतं, किती देतात. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका बरे आहेत ना?" पिशवीतलं यंत्र तिने बाहेर काढलं नाही. रविवारी दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा या म्हणाला आहे.